पाच ते सात

सोलापुरात अंबादासशेठांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. चाळीस बायका सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मशीनवर बसत. पाच वाजले की डोळे चुरचुरत, हात जड होत, पण शेठपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. शेवटी त्यांच्यातली राजम्मा शेठांच्या माडीवरच्या केबिनमध्ये गेली.

"शेठ, आम्हाला पाचला सोडत जा."

शेठ खुर्चीत रेलून म्हणाले, "दोन तास कमी म्हणजे दोन तासांचं काम कमी. एवढंही कळत नाही? पुन्हा हा विषय काढलास तर कायमची घरी बस!"

"बरं. पण उद्या सकाळी साडेनऊला एकदा खाली या."

शेठ एरवी बाराच्या आत कारखान्यात पाऊल टाकत नसत. दुसऱ्या दिवशी ते आले आणि दारातच थबकले. एकही मशीन चालत नव्हतं. सगळ्याजणी मान खाली घालून कॉलर आणि खिसे उसवत होत्या.

"संप केलाय काय?" शेठ ओरडले.

"नाही शेठ, रोजचंच काम आहे," राजम्मा शांतपणे म्हणाली. "काल पाच ते सातमध्ये जे वाकडंतिकडं शिवलं, ते आता अकरापर्यंत उसवायचं. संध्याकाळचे दोन तास आम्हाला द्या, सकाळचे दोन तुम्हाला परत देतो."

शेठांनी ढिगातला एक सदरा उचलला. त्याच्या खिशाचं तोंड खाली होतं. ते बघून त्यांनाच हसू फुटलं.

त्या दिवशी पाचला सुटीची घंटा झाली. ती शेठांनी स्वतः वाजवली.