अध्यक्षांना चालेल असा राजा

"ग्रीक नाटक बसवा, पण त्यात राजाला कोणी उलट बोलता कामा नये," शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब इंगवले शाळेतल्या शिक्षिका मुळे बाईंना म्हणाले. "राजावर संकट नको. आणि नाटक अस्सल प्राचीन हवं, तुम्ही घरी खरडलेलं नको. सोमवारी दाखवा. नाहीतर शाळेचं नाट्यगृह लग्नांना देऊन टाकतो."

शेजारच्या तालुक्यातल्या शाळेने चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक केलं होतं. बापूसाहेबांना त्याहून जुनं हवं होतं. कलेशी त्यांचा संबंध इतकाच.

मुळे बाईंनी एकेका नाटकाची गोष्ट सांगून पाहिली. एकात राजा हट्टापायी मुलगा गमावतो.

"हे माझ्यावर आहे," बापूसाहेब म्हणाले. मागे बसलेल्या विश्वस्तांनी होकारार्थी माना हलवल्या.

दुसऱ्यात राजा गावभर चौकशी लावतो आणि गुन्हेगार तोच निघतो.

"हेही माझ्यावरच!" विश्वस्तांनी पुन्हा माना हलवल्या.

पुढच्यात राजाच नव्हता.

"मग मी कुठे आहे?"

बाई रडकुंडीला आल्या. ग्रीक नाटकात राजाला सुनावणारा एक घोळका असतो. वेल्डरची मुलगी, नववीतली कस्तुरी लोहार, त्याची म्होरकी व्हायची होती. ती म्हणाली, "बाई, सोमवारी आम्ही दाखवतो."

"कुठलं गं?"

"हरवलेलं. बहुतेक ग्रीक नाटकं हरवली, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

सोमवारी बापूसाहेब पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले, मागे विश्वस्त. पडदा उघडला. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला राजा सिंहासनावर होता, भोवती घोळका हात जोडून उभा. राजाने मान हलवली. घोळक्याने मान हलवली. राजाने जांभई दिली. घोळक्याने मान हलवली.

बराच वेळ हेच चाललं.

"अगं, सुरू कधी होणार?" बापूसाहेबांनी विचारलं.

"सुरू आहे, साहेब," घोळक्यातून कस्तुरी म्हणाली.

"काही घडतच नाही."

"राजावर संकट नाही ना, साहेब."

राजाने पुन्हा जांभई दिली. घोळक्याने पुन्हा मान हलवली. बापूसाहेब ताडकन उठले.

"अरे, कोणीतरी बोला की त्याला! नुसता बसलाय गाढव!"

कस्तुरी पुढे आली. "अट मोडली, साहेब. राजाला उलट बोललात ते तुम्हीच."

विश्वस्तांनी सवयीने माना हलवल्या.

बापूसाहेबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग मंचावरच्या घोळक्याकडे. "आणि हे प्राचीन आहे कशावरून?"

"असली नाटकं तिथेही झालीच असतील, साहेब. राजे तिथेही होते. पण ती जपून ठेवावीत असं कुणालाच वाटलं नसेल. राहिली ती राजाला सुनावणारी."

बापूसाहेब धपकन खाली बसले आणि पोट धरून हसू लागले. डोळे पुसून त्यांनी नाट्यगृहाची किल्ली मुळे बाईंच्या हातात ठेवली.

"ते हट्टी राजाचं बसवा, बाई. ही पोरगी पुढे पाहिजे. आणि मुकुट पुठ्ठ्याचा नको, चांगला पितळी करून घ्या. माझ्यावर आहे ते."