तेवढं एक उरलेलं घर

सरपंचपदाचं मतदान चार दिवसांवर आलं, तरी भामाकाकूंचं मत काही ठरत नव्हतं. उमेदवार दौलतराव काटकर दोनदा बजावून गेले होते, "काकू, अख्खी आळी माझ्या बाजूला आलीय. तुमचंच घर तेवढं उरलंय. एकट्या पडाल!" एकटं पडायच्या धास्तीनं काकूंनी कुणापाशी हा विषयच काढला नव्हता.

त्या दिवशी पापड लाटायची पाळी काकूंकडे होती. आळीतल्या बावीसजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन परसात बसल्या होत्या. तेवढ्यात पुढच्या दारी दौलतराव हजर! फेट्याचा तुरा सावरत ते गरजले, "काकू, शेवटचं सांगतो, तुमचंच घर उरलंय!"

परसातली लाटणी एकदम थांबली. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी दौलतरावांना मोठ्या मानानं परसात नेलं आणि विचारलं, "बायांनो, ज्यांना ज्यांना हेच सांगितलंय, त्यांनी लाटणी वर करा गं!"

बावीसच्या बावीस लाटणी वर गेली.

"दौलतराव, उरलेली घरं तर सगळी इथंच बसलीत," काकू म्हणाल्या. "आता तुमच्या बाजूला आलेलं एक तरी घर दाखवा, लगेच मत ठरवते!"

घामाघूम झालेल्या दौलतरावांना गर्दीत सख्खी भावजय दिसली. "वहिनी, तुम्ही तरी सांगा!"

वहिनींनी लाटणं काही खाली घेतलं नाही. "काय सांगू भावोजी? कालच म्हणालात ना, तुमचंच घर उरलंय!"