गेटबाहेरचे लाडू

“पुस्तकांच्या ऑफिसात ही करते तरी काय, पुठ्ठे चिकटवते? सोडायला सांगा नोकरी!” चुलतसासरे दिगंबरकाका सासूबाईंना सांगत होते आणि स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येत होतं. काकांचं मंगल कार्यालय आहे. आमचं लग्न तिथेच झालं.

मी चहा घेऊन गेले, तर गाडी माझ्यावरच आली. “आमच्या मृण्मयीला जर्मनीत तुमचं ई-पुस्तक विकत मिळत नाही. त्याला ना वजन, ना जकात, मग अडतं कुठे? नीट समजावून दे आणि खुशाल कर नोकरी.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर एवढं सलग मी पहिल्यांदाच बोलले.

“काका, लग्नात माझ्या आईचे लाडू तुमच्या गेटवर अडवले. खाणारे आपलेच होते, पण त्या हॉलात वाढायचा हक्क तुम्ही एकाच आचाऱ्याला लिहून दिला होता. लेखकानंही आम्हाला भारतापुरताच हक्क दिलाय. परदेशातला दुसऱ्या प्रकाशकाकडे आहे आणि त्यानं अजून पंगत मांडलेली नाही. मृण्मयीताई सुट्टीत इकडे आल्या की घेतील आणि पोटभर वाचतील. आईचे लाडूही आम्ही गेटबाहेर जाऊनच खाल्ले ना!”