पहिली गाठ

विहिरीवर झुकलेल्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती, तेव्हाची ही गोष्ट. त्यांचा म्हातारा उस्ताद शिष्यांना सगळी वीण शिकवायचा. घरटं फांदीला बांधायची पहिली गाठ मात्र तो पाठ फिरवून स्वतःच मारून द्यायचा. त्या गाठीसाठी का होईना, सगळे त्याच्याकडे येत.

एका वर्षी त्याची चोच दुभंगली. मग त्यानं गाठ तोंडी सांगितली, पुन्हा पुन्हा सांगितली. शिष्यांनी ऐकून जमेल तशी मारली.

वारा सुटला आणि सगळी घरटी पिलांसकट विहिरीत पडली. पाण्यावर तरंगतानाही त्यांची एक काडी सुटली नव्हती.

"उस्ताद, विणीत काय चुकलं?" एका शिष्यानं विचारलं.

"विणीत काहीच नाही," म्हातारा म्हणाला आणि सवयीनं त्यानं पाठ फिरवली.