मास्तरांची दहा मिनिटं

एकदा एका डेटा सेंटरात एक वृद्ध अभियंता नव्या मुलामुलींना शिकवीत असे. गुरू-शिष्यांची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पर्णकुटी आणि हरिणं येतात. इथे तसलं काही नव्हतं. खिडक्या नसलेली एक इमारत, आत बारमाही थंडी आणि लोखंडी कपाटांच्या रांगांमधून अखंड घरघरणारे संगणक. गुरूंच्या अंगात वैशाखातही एक विटका स्वेटर असे. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

त्या संगणकांवर इस्पितळांची, कारखान्यांची, कचेऱ्यांची कामं चालत. एका दूरच्या जिल्ह्यात रुग्णवाहिका बोलावण्याचा जो नंबर होता, त्यावरचे फोनही याच इमारतीतून पुढे जात. कोणता संदेश कोणत्या वाटेने जावा हे ठरवणारी जी यंत्रं असतात, त्यांना स्विच म्हणतात. स्विचला आज्ञा कशी द्यावी, आणि अनेक स्विचना एकदम द्यायची तर तसा प्रोग्राम कसा लिहावा, हा मास्तरांचा विषय.

त्यांचा एक नियम होता. नवी आज्ञा दिली की स्विचने ती दहा मिनिटं तात्पुरती मानायची. तेवढ्यात अभियंत्याने 'ठीक आहे' असं कळवलं तर ती कायम व्हायची. कळवलं नाही तर स्विच आपणहून जुन्या आज्ञेवर परतायचा. ही सोय यंत्रातच असते, त्यात मास्तरांचं काही नाही. पण त्या दहा मिनिटांत ते जे करीत ते मात्र खास त्यांचंच. ते उठत, कोपऱ्यातल्या फोनवरून त्या स्विचपलीकडच्या कुणाला तरी गाठत, "चालू आहे ना तुमच्याकडे सगळं?" असं विचारत आणि सावकाश परत येऊन 'ठीक आहे' असं टाइप करीत. मुलं मागे हसत. मास्तरांना गप्पा मारायला माणूस लागतो, असं त्यांचं मत होतं.

शाल्मली ही मास्तरांच्या एका तुकडीतली सर्वांत हुशार मुलगी. शिक्षण संपताना तिला एक खरं काम मिळालं: चाळीस स्विचवरच्या आज्ञा बदलायच्या. मास्तरांच्या रीतीने दिवस गेला असता. तिने प्रोग्रामच असा लिहिला की आज्ञाही तोच देईल आणि दोन सेकंदांनी 'ठीक आहे' असंही तोच कळवील. नियम पाळला गेला आणि वेळही वाचला. मास्तरांनी मंजुरीच्या कागदावर सही केली. सकाळी अकरा वाजता प्रोग्राम सुरू झाला आणि सहा मिनिटांत संपला. पडद्यावर दर स्विचची एक, अशा 'ठीक आहे' सांगणाऱ्या चाळीस हिरव्या ओळी उमटल्या आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या आज्ञेतली एक ओळ लिहायची राहून गेली होती. फोनवरचे आवाज ज्या वाटेने जात, ती वाट त्या ओळीने उघडी राहायची.

रुग्णवाहिकेसाठीचे फोन जिथे येत, त्या दूरच्या जिल्ह्याच्या मदत केंद्रात दुधगावकर नावाच्या बाई फोनसमोर बसून होत्या. बराच वेळ एकही फोन आला नाही. आधी त्यांना बरं वाटलं, मग चमत्कारिक वाटलं, मग त्या घाबरल्या. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून डेटा सेंटरला कळवलं आणि मास्तरांनी धावत जाऊन जुन्या आज्ञा परत आणल्या, तोवर बावीस मिनिटं गेली होती. चाळीस ओळी या सगळ्या वेळात हिरव्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी शाल्मली राजीनामा लिहून घेऊन आली. रात्रभर रडल्याने तिचे डोळे सुजले होते. मास्तरांनी तो कागद न वाचताच बाजूला ठेवला आणि तिच्यापुढे दुसरा सरकवला. त्यावर अकरा नंबर होते. त्या बावीस मिनिटांत मदत मागणारे अकरा जण, टेलिफोन कंपनीच्या नोंदीतून मिळालेले. त्यांना फोन करून विचारपूस करणं मदत केंद्राचं कामच होतं. मास्तरांनी ते मागून घेतलं होतं.

"यांना तू फोन कर," ते म्हणाले.

"काय सांगू सर?"

"तुझं नाव सांग. चूक तुझ्याकडून झाली हे सांग. आणि मग ते काय म्हणतात ते ऐक."

तिला ही शिक्षा फार क्रूर वाटली. खरं सांगायचं तर मलाही वाटते. नोकरीवरून काढलं असतं तर निदान तिला घरी जाऊन तोंड लपवता आलं असतं. पण ती कोपऱ्यातल्या फोनपाशी बसली आणि पहिला नंबर लावला.

एकाने वडिलांना शेजाऱ्याच्या भाजीच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं होतं. ते आता बरे होते. एका बाईने तिला चार मिनिटं फैलावर घेतलं आणि मग दम लागला म्हणून थांबली. एकीची सून वाटेत रिक्षातच बाळंत झाली होती. "पोरगी झाली, पण आमचा जीव टांगणीला लागला होता बघा," असं ती सासू सांगत राहिली आणि शाल्मली ऐकत राहिली. संध्याकाळपर्यंत दहा नंबर झाले. अकराव्याची नुसती घंटी वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशीही तो कुणी उचलला नाही. तेव्हा ती म्हणाली, "सर, चूक मला कळली. राहिलेली ओळ मी घातली, चारदा तपासली. मग हे कशासाठी?"

मास्तरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"ओळ कुणाचीही राहते," ते म्हणाले. "माझ्या असंख्य राहिल्या. म्हणून तर स्विच दहा मिनिटं थांबतो आणि विचारतो, ठीक आहे का? तो प्रश्न तुला होता. तू उत्तर द्यायचं काम प्रोग्रामलाच दिलंस. हात यंत्राचे वापर, माझी काही हरकत नाही. पण पलीकडे कुणाचं काय झालं, हे त्याला कुठून माहीत असणार? ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. त्या दिवशी विचारलं नाहीस, म्हणून आता विचारते आहेस."

मग त्यांनी सहीचा तो कागद काढून तिच्यासमोर ठेवला.

"आणि हे मी. मुलगी हुशार आहे म्हणून न वाचता सही केली. मलाही दोन सेकंदच लागले." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण स्वेटरच्या बाहीत ओढून घेतलेले हात त्यांनी बाहेर काढले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी अकरावा फोन लागला. पलीकडे एक पुरुष होता. तिने नाव सांगितलं, चूक सांगितली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी कुणासाठी फोन केला होता तुम्ही?"

"आईसाठी. गेली ती."

शाल्मलीने टेबलाची कड घट्ट धरली.

"डॉक्टर म्हणले, टायमावर आणली असती तरी सांगता आलं नसतं," तो सांगू लागला. "तुमाला बोल नाही लावत मी. पण मी पुन्यांदा पुन्यांदा तोच नंबर फिरवीत बसलो, ताई. आता लागंल, मग लागंल. ती मला म्हणत होती, फोन ठेव आन् जवळ बस. मी म्हणलं, थांब, लागंल आता." मग तो म्हणाला, "माझी चुलती हाय घरात. म्हातारीच हाय. आता लागतो का तो नंबर?"

लागतो, हे तिला पक्कं माहीत होतं. बिघाड दुरुस्त होऊन तीन दिवस झाले होते, आणि त्या क्षणीही समोरच्या पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या होत्या. 'हो' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"जरा धरा, दादा," ती म्हणाली. "बघून सांगते."

तिने तो रिसीव्हर हळूच टेबलावर ठेवला आणि मास्तरांचा मोबाइल मागून घेऊन रुग्णवाहिकेचा तोच नंबर लावला. दोन घंट्यांनंतर दुधगावकरबाईंचा आवाज आला. तिने त्यांना आपण कोण ते सांगितलं, माझं बोलणं नीट ऐकू येतं का, असं विचारलं, आणि त्यांनी येतं म्हटल्यावर आभार मानून फोन ठेवला. मास्तर हे सगळं खाली मान घालून ऐकत होते.

मग तिने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. तो माणूस अजून थांबला होता.

"लागतो, दादा," ती म्हणाली.