जुन्याचा पंखा

लॅपटॉप आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. लग्नांचे फोटो काढणाऱ्या इंदुमतीने दुकानातला सगळ्यात ताकदवान लॅपटॉप निवडून जुन्याशेजारी आणून ठेवला. पुढच्या लग्नासाठी तिने नेहमीसारखा कॅमेरा रिकामा केला होता. कालच्या नवरीचे फोटो आता फक्त जुन्यापाशी होते. दोघांना वायरने जोडून, फोटो नव्यात उतरवायला लावून ती चहा ठेवायला गेली.

जुन्याचा पंखा धापा टाकू लागला.

"लवकर आटपा, आजोबा," नवा म्हणाला. "मी एका घासात सगळं गिळेन."

जुना तापला. स्क्रीन थरथरली. अर्धे फोटो अजून बाकी होते.

"असेल तुझ्यात ताकद, पोरा," तो कसाबसा म्हणाला, "पण मी मधेच विझलो, तर गिळशील काय?"

नव्याने आपला पंखा सुरू केला आणि सगळा वारा जुन्याकडे सोडला.