शरणागती द्यायला कोणीतरी उरावे लागते

एकदा एक युद्ध संपले, पण थांबेना. राजा धवलसेनाने शेजारच्या राजा त्रिविक्रमाचा पाडाव केला होता. राजधानी पडली, त्रिविक्रम कैद झाला; मात्र डोंगरावरचा एक किल्ला काही केल्या झुंज सोडेना. तिथला म्हातारा किल्लेदार धवलसेनाचे निरोप धुडकावी आणि कोणी वर चढू लागले की दगडांचा वर्षाव करी. हार-जीत ठरून गेल्यावरही दोन्हीकडची माणसे मरत होती.

धवलसेनाने तहाचे काम आपल्या वृद्ध आचार्यांवर सोपवले. आचार्य शिष्यासह छावणीत आले आणि त्यांची पहिलीच मागणी ऐकून सगळे अवाक झाले. त्रिविक्रमाच्या बेड्या काढा, त्याला राजवस्त्रे, तलवार आणि घोडा द्या, डोक्यावर छत्र धरा.

"अहो, हरलाय तो!" सेनापती उसळला.

"म्हणूनच तर," आचार्य हसले. "जिंकलेल्याला मी कशाला नटवू?"

शिष्य गोंधळला. हळूच म्हणाला, "गुरुजी, आपण नेमके कोणाच्या बाजूचे?"

"जी माणसं अजून घरी परतू शकतात, त्यांच्या."

धवलसेनाने आचार्यांचे ऐकले. किल्लेदाराला दार उघडायला सांगण्यासाठी निघताना, घोड्यावर बसण्यापूर्वी, त्रिविक्रमाने एकच गोष्ट मागितली. "किल्ल्यातून जो खाली उतरेल, त्याला कोणी हात लावायचा नाही." धवलसेन क्षणभर घुटमळला, मग त्याने तसा शब्द दिला.

किल्ल्याखाली पोचताच तटावरून किल्लेदाराचा आवाज आला, "महाराज, बेड्या घालून आणलंय का तुम्हाला?"

त्रिविक्रमाने दोन्ही हात वर केले. "नीट बघ! मोकळा आहे मी. आपण हरलो, बाबा. आता एकही माणूस मरता कामा नये. दार उघड. हा माझा हुकूम आहे."

किल्लेदाराने तटावरून वाकून त्याचे मोकळे हात, तलवार आणि छत्र नीट न्याहाळले, मग तो खाकरला.

"हुकूम तुमचाच असेल तर उघडतो. पण खाली जेवायला काय आहे ते आधी सांगा. इथे नुसते हरभरे खाऊन जीव कंटाळलाय!"

कुठल्या सैन्यात आधी हसू फुटले ते कोणालाच कळले नाही. दार उघडले.

परतताना शिष्य म्हणाला, "बेड्यांमधला राजाही हाच हुकूम देऊ शकला असता."

"देऊ शकला असता, पण किल्लेदाराने तो ऐकला नसता," आचार्य म्हणाले. "किल्ला हिसकावून घेता येतो, शरणागती नाही, ती समोरच्याने द्यावी लागते. तिच्यामागे त्याचा शब्द लागतो आणि तो शब्द मानणारी माणसं लागतात. हरलेल्याची सगळी पत आपणच धुळीला मिळवली, तर उद्या तह पाळायला कोणाला सांगणार? तहावर मोहोर दोघांची उठते. पण तो टिकतो हरलेल्याच्या घरात."

दुसऱ्या दिवशी तहाची बैठक होती. सेवकांनी धवलसेनाचे आसन वडाच्या सावलीत मांडले आणि त्रिविक्रमाचे दूर, भर उन्हात. शिष्याने ते पाहिले. कोणालाही न विचारता त्याने उन्हातले आसन उचलले आणि तो त्रिविक्रमासमोर जाऊन अदबीने उभा राहिला.

"महाराज, हे कुठे मांडू?"

त्रिविक्रम त्याच्याकडे पाहतच राहिला. मग कित्येक दिवसांत प्रथमच मोकळेपणाने हसला.

"तुमच्या महाराजांच्या शेजारी मांड, बाळा. पुष्कळ बोलायचं आहे आम्हाला."